चाचपडत चाचपडत

शेवटच्या दोन वर्षांत वडिलांची दृष्टी जवळजवळ गेली होती. उजेड आणि अंधार एवढाच भेद त्यांना कळत असे. तरीही सकाळी उठल्यावर ते उशाशी हात फिरवून चष्मा शोधत, दोन्ही काड्या कानांमागे नीट बसवत आणि मग पवित्र शास्त्र मांडीवर घेत. पुस्तक उघडण्याची त्यांची रीत ठरलेली होती. दोन्ही अंगठे पानांच्या कडेवर ठेवून ते जाडीचा अंदाज घेत आणि पुस्तक मध्यावर उघडत, कारण स्तोत्रसंहिता साधारण मध्यावर येते हे त्यांच्या हातांना ठाऊक होते. मग उजव्या हाताची तर्जनी ओळींवरून फिरवत ते १९ वे स्तोत्र म्हणू लागत. स्तोत्र त्यांना तोंडपाठ होते. बोट मात्र बहुतेक वेळा भलत्याच पानावर, कधी ११९ व्या स्तोत्रावर तर कधी पुढच्या ग्रंथावर, नीतिसूत्रांवर, फिरत असे. मी ते कधी दुरुस्त केले नाही. आकाश देवाचा महिमा वर्णन करते, असे ज्याला आकाश दिसत नाही तो माणूस चुकीच्या पानावर बोट ठेवून रोज सांगत होता, आणि ज्याला आकाश व्यवस्थित दिसत होते तो मी शेजारी बसून ऐकत होतो.

त्याच काळात मी दर रविवारी मुलांना शास्त्र शिकवत असे. एका रविवारी धड्याचा विषय होता, देव सर्व माणसांना कसा कळतो. शिकवणाऱ्यासाठी दिलेल्या टिपणात उत्तर दोन कप्प्यांत घालून ठेवलेले होते. सृष्टी, इतिहासाचा ओघ आणि माणसाची सदसद्विवेकबुद्धी यांतून देव सगळ्यांना जे कळवतो ते सामान्य प्रकटीकरण. इस्राएलाचा इतिहास, संदेष्टे, शास्त्र आणि शेवटी येशू ख्रिस्त यांच्याद्वारे जे कळवतो ते विशेष प्रकटीकरण. पहिल्याने देव आहे हे कळते, दुसऱ्याने तो कोण आहे आणि तारण कसे होते हे कळते. मी फळ्यावर मधोमध रेघ ओढून दोन्ही बाजू भरल्या. मागच्या बाकावरच्या एका दहा वर्षांच्या मुलाने हात वर केला. ज्यांना कोणी काही सांगितलेच नाही त्यांचे काय, असे तो विचारणार याची मला खात्री होती, आणि त्याचे उत्तरही टिपणात होते. त्याने विचारले, "देव सगळ्यांनाच सांगतो, तर मग जरा मोठ्याने का नाही सांगत?" मुले हसली. मीही हसलो आणि वेळ झाल्याचे निमित्त करून धडा आवरता घेतला. खरे तर सात-आठ मिनिटे शिल्लक होती.

त्या प्रश्नाने मला पुष्कळ वर्षे सोडलेले नाही. आधी शब्दाबद्दल बोलतो, कारण शब्दांपाशीच माझी पहिली अडचण झाली. मराठीत देव कळण्याच्या अनुभवासाठी 'साक्षात्कार' हा शब्द रुळलेला आहे, पण साक्षात्कार कोणाला तरी होतो. तो त्या माणसाचा असतो, त्याच्या तळमळीचा आणि अधिकाराचा असतो. 'प्रकटीकरण' हा शब्द कानाला जड लागतो, पण त्यात कर्ता बदलतो. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आच्छादन दूर करणे असा आहे, आणि ते आच्छादन देव आपल्या हाताने दूर करतो, हे ख्रिस्ती शिकवणीचे मूळ गृहीत आहे. 'सामान्य' या विशेषणाचे मात्र मला आजही पटत नाही. ईश्वरविज्ञानात त्याचा अर्थ सर्वांना समान असा आहे. आपण मात्र सामान्य म्हणजे बेताचे असे ऐकतो, आणि मग विद्यार्थ्यांच्या मनात पहिला कप्पा आपोआप कमी दर्जाचा ठरतो. 'सार्वत्रिक' म्हटले असते तर बरे झाले असते.

वडिलांच्या त्या स्तोत्राकडे मी नंतर कधीतरी सावकाश गेलो. आकाश वर्णन करते, दिवस दिवसाला सांगतो, रात्र रात्रीला ज्ञान देते, अशी सुरुवात होते, आणि तिसऱ्या वचनात एकाएकी म्हटले आहे की बोलणे नाही, शब्द नाहीत, त्यांचा आवाज ऐकू येत नाही. हिब्रू मजकुरात एवढेच मोजके शब्द आहेत. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरकारांना हे अडचणीचे वाटले असावे. त्यांनी 'जिथे' या अर्थाचा एक शब्द पदरचा घातला, त्यामुळे वाक्याचा अर्थ असा झाला की जिथे तो आवाज ऐकू येत नाही अशी भाषाच नाही. त्या भाषांतराच्या प्रतींत तो शब्द प्रामाणिकपणे तिरप्या अक्षरांत छापतात, म्हणजे तो मुळातला नाही हे वाचणाऱ्याला कळावे. हिब्रूत ती वाचण्याची सोय आहे हे मान्य. पण मला पदरचा शब्द न घालता केलेले वाचन अधिक खरे वाटते. आवाज नाही, आणि पुढच्याच वचनात तो जगाच्या टोकापर्यंत पोहोचला आहे. कवीने हे दोन्ही एकापुढे एक ठेवले आणि जोडण्याचा प्रयत्न केला नाही. मुलाच्या प्रश्नाला स्तोत्रकर्ता उत्तर देत नाही, पण प्रश्नाला जागा करून देतो: देव हळू बोलतो ही तक्रार अश्रद्धेची नसून ती शास्त्रातच नोंदलेली आहे. शास्त्रातल्याच ईयोबाच्या ग्रंथाच्या २६ व्या अध्यायातही सृष्टीतल्या अफाट गोष्टींची यादी झाल्यावर हेच म्हटले आहे की या सगळ्या त्याच्या मार्गांच्या केवळ कडा आहेत आणि आपल्या कानी येते ती नुसती कुजबुज.

त्या स्तोत्रात आणखी एक गोष्ट आहे जी वडिलांच्या तोंडून रोज ऐकूनही माझ्या लक्षात आली नव्हती. पहिल्या सहा वचनांत, म्हणजे आकाश आणि सूर्य यांच्या वर्णनात, देवासाठी 'एल' हा सर्वसाधारण शब्द फक्त एकदा येतो. सातव्या वचनापासून नियमशास्त्राचे, म्हणजे देवाने इस्राएलाला दिलेल्या आज्ञांचे, वर्णन सुरू होते, आणि तिथपासून शेवटपर्यंत देवाचे खास नाव, जे मराठीत 'परमेश्वर' असे येते, ते सात वेळा येते. सूर्याखाली सगळ्यांना देव कळतो, पण नाव त्याने सांगितल्यावरच कळते. फळ्यावरच्या माझ्या दोन कप्प्यांत जे होते ते सगळे या एका कवितेत होते, मधली रेघ तेवढी नव्हती.

या शिकवणीचा सर्वांत जास्त वापरला गेलेला, आणि माझ्या मते सर्वांत जास्त गैरवापर झालेला, आधार म्हणजे पहिल्या शतकातल्या प्रेषित पौलाने इ.स. ५७ च्या सुमारास रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा पहिला अध्याय. जगाच्या उत्पत्तीपासून देवाच्या अदृश्य गोष्टी निर्मिलेल्या वस्तूंवरून ज्ञात होऊन स्पष्ट दिसत आहेत, असे तो लिहितो. अदृश्य गोष्टी दिसतात, हा विरोधाभास ग्रीक भाषेत अधिकच ठळक आहे, कारण दोन्ही शब्द पाहणे या एकाच धातूपासून झालेले आहेत. पण दिसते काय? पौल दोनच गोष्टींची नावे घेतो, सनातन सामर्थ्य आणि देवपण. क्षमा, पिता, वधस्तंभ यांतले काहीही तिथे नाही. डोंगराकडे पाहून कोणाला क्षमा कळत नाही, आणि कळते असे पौलही म्हणत नाही. मग तो म्हणतो की माणसे हे सत्य अनीतीने दाबून ठेवतात, आणि म्हणून त्यांना सबब राहिलेली नाही.

'दाबून ठेवणे' म्हणजे काय, हे मला शब्दकोशातून कळले नाही. एका वर्षी एका दूरच्या नातेवाइकाचे मदतीसाठी पत्र आले होते. मी ते वाचले, घडी घातली आणि टेबलाच्या खणात इतर कागदांखाली ठेवले. पत्र आलेच नाही असे मी कधी म्हटले नाही. कोणी विचारले असते तर आले आहे असे सांगितलेही असते. पण तीन आठवडे खण उघडताना माझा हात त्या कोपऱ्याकडे जात नसे. पेन काढताना हात डावीकडून जाई, पावती शोधताना वरच्या वर जाई. ते पत्र तिथे आहे हे ज्याला पक्के ठाऊक आहे त्याचाच हात इतक्या अचूकपणे ते टाळू शकतो. पौल अज्ञानाबद्दल बोलत नाही, तो अशा हाताबद्दल बोलतो.

आता गैरवापराबद्दल. पहिला अध्याय संपताना मूर्तिपूजा, द्वेष, चहाडखोरी, उद्धटपणा अशी लांबलचक यादी येते, आणि ती ऐकताना ज्याच्याकडे शास्त्र आहे असा वाचक मान डोलवू लागतो. मीही पुष्कळ वर्षे डोलावली. आणि नेमक्या त्या क्षणी दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या वाक्यात पौल वळून म्हणतो की दुसऱ्याला दोष लावणाऱ्या माणसा, तू कोणीही अस, तुलाही सबब नाही. पहिल्या अध्यायाच्या २० व्या वचनातला 'सबब नसलेला' हा ग्रीक शब्दच इथे पुन्हा आलेला आहे. अख्ख्या नव्या करारात तो या दोनच ठिकाणी येतो. अध्यायांचे आकडे पौलाने घातलेले नाहीत, ते मध्ययुगात पडले, आणि त्या आकड्यापाशी आपण थांबतो म्हणून हा फटका चुकवता येतो. शिवाय त्याच दुसऱ्या अध्यायात, ज्यांच्याकडे नियमशास्त्र नाही अशा परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्यांच्या, अंतःकरणावर नियमशास्त्राचे काम लिहिलेले आहे आणि त्यांची सदसद्विवेकबुद्धी त्यांना दोष देते किंवा त्यांचे समर्थनही करते, असे तो लिहितो. हा 'समर्थनही' प्रवचनांत मी फारसा ऐकलेला नाही.

पौल लिहिताना एक आणि बोलताना दुसरा, असे कोणाला वाटेल. लुस्त्र गावात एक पांगळा मनुष्य बरा झाल्यावर लोकांनी पौलाचा सोबती बर्णबा याला झ्यूस आणि पौलाला हर्मीस, म्हणजे ग्रीक देव, ठरवले, पुजारी बैल आणि हार घेऊन आला, आणि हे सगळे स्थानिक लुकवनी भाषेत चाललेले असल्याने दोघांना काय घडते आहे हे बहुधा उशिराच उमगले. त्या गडबडीत केलेल्या चार वाक्यांच्या भाषणात मोशे नाही, संदेष्टे नाहीत, येशूचे नावही नाही. देवाने स्वतःला साक्षीवाचून राहू दिले नाही, आकाशातून पाऊस दिला, फलदायी ऋतू दिले, अन्नाने आणि हर्षाने तुमची मने भरली, एवढेच आहे. ही हकीगत लिहिणारा लूक प्रामाणिकपणे नोंदवतो की एवढे बोलूनही लोकांना बळी देण्यापासून कसेबसे थोपवता आले, आणि पुढच्याच वाक्यात पौलाला दगडमार होतो. पावसाचा दाखला देऊन कोणाचे मत बदलले असा उल्लेख तिथे नाही. पण मला त्या भाषणातला 'हर्ष' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. सामर्थ्याने धाक बसतो. पोटभर जेवून उठलेल्या माणसाला जे बरे वाटते त्यातही देवाची साक्ष आहे, हे म्हणायला धाडस लागते.

अथेनैमध्ये, म्हणजे अथेन्समध्ये, मात्र वेळ मिळाला होता. तिथल्या अरीयपग टेकडीवर उभा राहून पौल शहरात पाहिलेल्या 'अज्ञात देवाला' या वेदीवरच्या अक्षरांपासून सुरुवात करतो, आणि पुढे एका ग्रीक कवीची ओळ घेतो: आपण त्याचा वंश आहोत. ही ओळ इ.स. पूर्व तिसऱ्या शतकातल्या अरातसच्या, आकाशातल्या नक्षत्रांवरच्या दीर्घ काव्यातली आहे. अरातस किलिकियातल्या सोली गावचा, म्हणजे तार्सच्या पौलाच्याच प्रांतातला; कदाचित पौलाने ती शाळकरी वयात पाठ केली असेल. मूळ काव्यात 'त्याचा' म्हणजे झ्यूसचा. झ्यूसला उद्देशून लिहिलेली ओळ पौल उचलतो आणि ज्याने जग निर्माण केले त्याच्याकडे वळवतो. कवीला जे कळले होते ते खोटे नव्हते, पत्ता चुकला होता, असे काहीसे तो सुचवतो. माझे वडील भलत्या पानावर बोट ठेवून खरे स्तोत्र म्हणत तेव्हा मला पुढे पुढे या प्रसंगाची आठवण होऊ लागली.

या भाषणात एक वाक्य आहे ज्यासाठी मी हे सगळे लिहायला घेतले. देवाने सर्व राष्ट्रांना त्यांचे काळ आणि सीमा नेमून दिल्या, ते यासाठी की त्यांनी देवाचा शोध करावा, चाचपडत चाचपडत कदाचित तो त्यांना सापडावा. आणि खरे तर तो आपल्यापैकी कोणापासूनही दूर नाही. मूळ ग्रीक वाक्याची क्रियापदे शक्यता दाखवणाऱ्या, त्या काळीही विरळ झालेल्या रूपात आहेत. सापडेलच असे पौल म्हणत नाही, सापडणार नाही असेही म्हणत नाही. 'चाचपडणे' यासाठी जे क्रियापद आहे तेच होमरच्या महाकाव्यात आंधळा झालेला एकाक्ष राक्षस गुहेत हात फिरवून वाट शोधतो तिथे येते, आणि अथेनैच्या सुशिक्षित श्रोत्यांना ते आठवले नसेल असे मला वाटत नाही. चाचपडणाऱ्याच्या बाबतीत एक विचित्र गोष्ट असते. तो ज्याला शोधत असतो ते त्याच्या हाताच्या टप्प्यात असते. लांबच्या वस्तूसाठी कोणी चाचपडत नाही. वडिलांचा चष्मा नेहमी उशापासून वीतभर अंतरावर असे. हात त्याच्यावरून दोनदा जाई, चादरीची घडी समजून पुढे सरके, आणि तिसऱ्या वेळी थबके.

तेच क्रियापद नव्या करारात आणखी दोन ठिकाणी पुनरुत्थित ख्रिस्ताच्या आणि देहधारी शब्दाच्या (योहान ख्रिस्ताला देवाचा 'शब्द' म्हणतो) संदर्भात येते. लूकच्या शेवटच्या अध्यायात घाबरलेल्या शिष्यांना येशू म्हणतो, मला चाचपून पाहा. आणि योहानाच्या पहिल्या पत्राची सुरुवात अशी आहे की जे आम्ही ऐकले, डोळ्यांनी पाहिले आणि आमच्या हातांनी चाचपले, ते तुम्हाला सांगतो. मराठी भाषांतरकारांचे मला येथे मनापासून कौतुक वाटते. चाचपडणे आणि चाचपणे, एकाच मुळाचे दोन शब्द त्यांना हाताशी मिळाले आणि त्यांनी ते वापरले. पहिल्या शब्दात अंधार आहे, दुसऱ्यात ओळख आहे, आणि हात दोन्हीकडे तोच आहे. सामान्य आणि विशेष यांच्यामध्ये मी फळ्यावर जी रेघ ओढली होती तिच्यापेक्षा या एका 'ड'चा फरक मला अधिक नेमका वाटतो.

मंडळीच्या इतिहासात या रेघेच्या दोन्ही बाजूंनी पुष्कळ वाद झाले. दुसऱ्या शतकात जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने लिहिले की ख्रिस्त हा देवाचा 'शब्द' असून सगळ्या मानवजातीला त्याचा वाटा मिळालेला आहे, आणि सॉक्रेटिस आणि हेराक्लायटस या ग्रीक तत्त्वज्ञांसारखे जे त्या शब्दानुसार जगले ते ख्रिस्तीच म्हणायचे. थोड्याच काळाने टर्टुलियन या दुसऱ्या ख्रिस्ती लेखकाने अथेनैचा आणि यरुशलेमेचा काय संबंध, असे फटकारले. गंमत अशी की संकटात सापडलेला कोणीही माणूस सहज 'देवा!' म्हणून जातो, तेव्हा आत्मा स्वभावतःच ख्रिस्ती आहे, हेही त्यानेच लिहून ठेवले आहे. मुलाच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारा मला ऑगस्टीन वाटतो. इ.स. ४०० च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात तो पृथ्वीला, समुद्राला, वाऱ्याला, चंद्रसूर्यांना विचारत जातो की तुम्ही माझा देव आहात का. प्रत्येक जण नाही म्हणतो, आणि शेवटी सगळे मोठ्याने सांगतात की त्याने आम्हाला घडवले. माझे निरखून पाहणे हाच माझा प्रश्न होता आणि त्यांचे सौंदर्य हेच त्यांचे उत्तर, असे तो म्हणतो. मग तो थांबतो आणि विचारतो की हे सौंदर्य डोळे धड असलेल्या सगळ्यांना दिसते, तर मग ते सगळ्यांशी सारखे का बोलत नाही? त्याचे उत्तर असे की ते सगळ्यांशी बोलते, पण बाहेरून आलेला आवाज आतल्या सत्याशी जो ताडून पाहतो त्यालाच ते समजते. मागच्या बाकावरचा मुलगा त्यावर गप्प बसला असता असे मला वाटत नाही.

सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन याचे दोन दाखले प्रसिद्ध आहेत. रात्री माळावरून चाललेल्या प्रवाशाला वीज चमकली की क्षणभर दूरवरचे सगळे दिसते, पण पाऊल टाकण्याआधीच पुन्हा काळोख होतो. देवाविषयी तत्त्वज्ञांचे ज्ञान असे आहे. दुसरा दाखला चष्म्याचा. म्हाताऱ्या, अधू डोळ्यांच्या माणसापुढे सुंदर ग्रंथ ठेवला तर काहीतरी लिहिलेले आहे एवढे त्याला कळते, पण दोन शब्दही लागत नाहीत. चष्मा लावला की तो वाचू लागतो, आणि तो चष्मा म्हणजे शास्त्र. या दाखल्याचा मला एक भाग फार आवडतो: चष्मा पाहण्यासाठी नसतो, त्यातून पाहण्यासाठी असतो. शास्त्र हाती आल्यावर सृष्टी अनावश्यक होत नाही, ती वाचता येऊ लागते. पण वडिलांकडे पाहताना दाखल्याची मर्यादाही कळत असे. डोळाच गेला की चष्मा नुसता नाकावर बसतो.

हे सर्वांत निर्दयपणे दाखवणारी कथा मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. पूर्वेकडचे मागी, नक्षत्रांचा अभ्यास करणारे परके लोक, एक तारा पाहून निघतात. त्यांच्याकडे मोशे नाही, मीखा नाही, आहे ते फक्त आकाश. तेवढ्या आधारावर ते यरुशलेमेपर्यंत पोहोचतात, आणि तिथे त्यांना थांबून विचारावे लागते. ठिकाण ताऱ्याने सांगितलेले नाही, ते मीखा संदेष्ट्याच्या ग्रंथात लिहिलेले आहे. राजा हेरोद मुख्य याजकांना आणि शास्त्र्यांना बोलावतो, आणि ते वचन काढून बिनचूक उत्तर देतात: यहूदीयातील बेथलेहेम. इथपर्यंत ही कथा माझ्या फळ्यावर नीट बसते. सामान्य प्रकटीकरणाने वाटेला लावले, विशेष प्रकटीकरणाने पत्ता दिला. पण मग मागी उठून जातात आणि शास्त्री जात नाहीत. यरुशलेमपासून बेथलेहेम जेमतेम नऊ किलोमीटर आहे. ज्यांना वचन पाठ होते त्यांच्यापैकी एकही जण पाहायला गेल्याची नोंद नाही. मी ही कथा अनेक नाताळांत मुलांकडून सादर करून घेतली, शास्त्र्यांच्या भूमिकेला नेहमी दोनच वाक्ये असत, आणि त्या मुलांनी ती म्हटल्यावर मी त्यांना कोपऱ्यात उभे करत असे.

आकाशातून सगळ्यांना कळते या वाक्याचे भयंकर रूपही मला पाहावे लागले, पुस्तकातून का होईना. १७५५ च्या १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनमधली देवळे भरलेली असताना भूकंप झाला, मागोमाग समुद्र चढून आला आणि मग आग लागली. सृष्टीच्या ग्रंथातले हे पान कसे वाचायचे? पौल रोमकरांच्याच पत्रात पुढे म्हणतो की सारी सृष्टी कण्हत आहे. म्हणजे जी साक्ष देते ती साक्षीदार स्वतः जखमी आहे. १९३४ मध्ये हा प्रश्न वेगळ्याच अंगाने आला. झुरिकच्या एमिल ब्रुनर या ईश्वरविज्ञानाच्या प्राध्यापकाने लिहिले की देवाचे वचन ऐकू येण्यासाठी माणसाच्या स्वभावात काहीतरी संपर्काची जागा शिल्लक असली पाहिजे. त्याला कार्ल बार्ट या दुसऱ्या ईश्वरविज्ञान्याने जे उत्तर छापले त्याचे नाव एकाच शब्दाचे होते: नाही! शांततेच्या काळात हा दोन प्राध्यापकांचा तात्त्विक वाद ठरला असता. पण त्या वर्षी जर्मनीत 'जर्मन ख्रिस्ती' म्हणवणारा गट वंशात, रक्तात आणि हिटलरच्या उदयात देवाचे प्रकटीकरण पाहत होता, आणि मे महिन्यात बार्मेन येथे निघालेल्या जाहीरनाम्याने, ज्याचा मसुदा मुख्यतः बार्टचा होता, येशू ख्रिस्त हेच देवाचे एकमेव वचन असे ठणकावले होते. इतिहासात देव दिसतो असे म्हणणाऱ्याला स्वतःला हवे ते दिसू शकते, हे बार्टने ओळखले होते. ब्रुनर हिटलरच्या बाजूचा मुळीच नव्हता. तो त्या 'नाही'ला पात्र नव्हता असे मला वाटते, पण ते वर्ष त्या 'नाही'ला पात्र होते. रोमन कॅथलिक मंडळीने वेगळी वाट धरली. १८७० मध्ये पहिल्या व्हॅटिकन परिषदेने बुद्धीच्या स्वाभाविक प्रकाशाने देव निश्चितपणे कळू शकतो असे सांगितले, आणि १९६५ मध्ये दुसऱ्या परिषदेने इतर धर्मांविषयी बोलताना सर्वांना प्रकाश देणाऱ्या सत्याच्या किरणाचा उल्लेख केला. तो उल्लेख योहानाच्या शुभवर्तमानातल्या, प्रत्येक माणसाला प्रकाशित करणाऱ्या खऱ्या प्रकाशाचा प्रतिध्वनी आहे.

ज्यांना कोणी सांगितलेच नाही त्यांचे काय, हा प्रश्न टिपणात होता आणि त्याचे उत्तरही होते, असे मी वर म्हटले. ते उत्तर मी आता देत नाही. उत्पत्तीच्या १८ व्या अध्यायात अब्राहाम सदोम नगरासाठी देवाशी घासाघीस करतो, नगर वाचण्यासाठी लागणाऱ्या नीतिमान माणसांची संख्या पन्नासांवरून दहांवर आणतो, आणि मध्येच विचारतो की सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय. हा प्रश्न त्याने परक्यांसाठी, परक्यांच्या बाजूने विचारला होता. दुसऱ्यांच्या हिशेबाची वही शास्त्राने माझ्या हाती दिलेली मला कुठे आढळली नाही. त्यांच्यासाठी रदबदली करण्याचे उदाहरण मात्र पहिल्याच ग्रंथात सापडले.

तो मुलगा आता मोठा झाला आहे आणि मधूनमधून भेटतो. एकदा मी त्याला त्या रविवारची आठवण करून दिली. त्याला प्रश्न आठवत नव्हता. मी वेळ झाल्याचे सांगून वर्ग सोडला होता हे त्याच्या नेमके लक्षात होते, कारण त्या दिवशी त्यांना खेळायला जास्त वेळ मिळाला होता.

वडील गेल्यानंतर त्यांचे पवित्र शास्त्र माझ्याकडे आले. पुठ्ठा सैल झाला आहे. मध्यावर, नीतिसूत्रांच्या तिसऱ्या आणि चौथ्या अध्यायांच्या आसपास, बोट फिरून फिरून कागद मऊ पडला आहे, कडेची अक्षरे पुसट झाली आहेत आणि एका ठिकाणी दोन ओळी वाचता येत नाहीत. मागे स्तोत्रसंहितेकडे पाने उलटत गेले की ११९ व्या स्तोत्रावर तसाच काळसर पट्टा आहे. आणखी मागे गेल्यावर १९ वे स्तोत्र येते. ते पान स्वच्छ आहे.